नीरेकाठची मिरास

सोसायटीची निवडणूक असो, जत्रेच्या पंचांची बैठक असो, बोलण्याला जरा धार आली की कोणीतरी म्हणतोच, “इथं कुणाची मिरासदारी चालायची नाही!” म्हणणाऱ्याच्या मनात असते मक्तेदारी, दांडगाई. शब्द असा काळाबरोबर उतरणीला लागतो. दोनशे वर्षांमागे नीरेकाठच्या गावात हाच शब्द वजनाचा होता, आणि तो आपल्या नावापुढे लागावा म्हणून माणसे पिढ्यान् पिढ्या खटपट करीत. मिरास हा मूळ अरबी शब्द, अर्थ वारसा. ज्याची जमीन मिराशीची, त्याला गावातून हलवणे सरकारलाही जड जाई.

आणि जो मिरासदार नव्हे, तो उपरी. वरून आलेला, आज आहे, उद्या नाही. हा शब्द मात्र तेव्हाही हलकाच होता. त्याचाच भाऊ ‘उपरा’ आजही बोलण्यात आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्याच लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले. गावात राहूनही गावाचे नसणे म्हणजे काय, ते त्या एका शब्दात आहे. आज आपण जमिनीची कथा सांगणार आहोत खरी, पण जमिनीच्या आडून गावाचा माणूस कोण आणि गावाबाहेरचा कोण, हा प्रश्न सारखा डोके वर काढील. तो मी दडपणार नाही.

आपला खंडाळा तालुका नकाशावर पाहा. वरच्या अंगाला नीरा वाहते, खाली डोंगराची ओळ आणि तिच्यात खंबाटकीचा घाट. मधल्या पट्ट्यात शिरवळ, खंडाळा, नायगाव, लोणंद. पश्चिमेला पाऊस बरा, पूर्वेला सरकावे तसा तो हात आखडता घेतो. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी ही इथली जुनी पिके. कालव्याचे पाणी फार पुढचे. अशा मुलखात एका शेतकऱ्याच्या हिमतीवर शेती टिकत नाही. दोन वर्षे पाऊस चुकला की बैल जातात, बैल गेले की माणूस जातो. म्हणून इथे जमिनीचा हक्क आणि गावाचा आधार ही एकाच दोराची दोन टोके होती.

जुनी माणसे गावाचे दोन भाग करीत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे घरे वसलेली जागा. ‘पांढरीने ठरवले’ असे म्हटले की गावाने ठरवले असा अर्थ. काळी पुन्हा थळांत वाटलेली असे. थळ म्हणजे एखाद्या मूळ घराण्याच्या वाट्याचा सलग टापू. ज्याचे थळ त्याला थळकरी म्हणत, आणि थळकरी म्हणजेच मिरासदार. गंमत अशी की घराणे नाहीसे झाले तरी थळाचे नाव जात नसे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या गावांची माहिती गोळा केली, त्यांत अशी थळे त्यांना आढळली. थळ एका आडनावाचे, नांगर धरणारा दुसऱ्याच आडनावाचा.

आता मिरासदाराला मिळे काय? जमीन वंशपरंपरेने त्याची. ती त्याने विकावी, गहाण टाकावी, मुलांत वाटावी. सारा भरत आहे तोवर त्याला कोणी उठवू शकत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुष्काळात गाव सोडून गेला तरी हक्क बुडत नाही. एल्फिन्स्टनसाहेबाने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात हे नोंदले आहे. तीस-चाळीस वर्षांनी परत आलेला माणूस, किंवा त्याचा मुलगा, मागची बाकी चुकवून आपले शेत मागू शकत असे. मधल्या काळात ते शेत कसणाऱ्याला वाट द्यावी लागे. विचार करा, नाशिककडे वा वऱ्हाडात पोट भरायला गेलेल्या माणसाच्या मनात नीरेकाठचे चार बिघे चाळीस वर्षे जिवंत राहात असतील, ते या एका रिवाजामुळे.

उपऱ्याचे तसे नाही. त्याला पाटील वर्षाच्या बोलीने किंवा कौलाने जमीन देई. पड जमीन उठवायची असेल तर इस्तावा ठरे, म्हणजे पहिल्या वर्षी सारा थोडा, पुढे चढत चढत पुरा. आता एक कोडे आहे, शिक्षकांनी ते वर्गात मुलांना घालावे. मिरासदाराचा दर ठरलेला आणि बहुधा चढा, उपऱ्याचा दर घासाघीस करून कमी. शिवाय एखादा थळकरी बुडाला तर त्याची बाकी त्याच्या थळातल्या भाऊबंदांवर पडे. मग शहाण्या माणसाने उपरीच राहावे, मिरास कशाला मागावी?

उत्तर पैशात नाही, ते पांढरीत आहे. मिरासदाराला गावात घरठिकाण होते. गावच्या बैठकीत त्याचा शब्द होता. सणावाराला, लग्नकार्यात त्याचा मान ठरलेला होता. कित्येक ठिकाणी काही किरकोळ पट्ट्यांतून त्याला सूट असे. मुलीला स्थळ पाहताना ‘घर मिराशीचे आहे’ एवढे सांगितले की निम्मे काम होई. उपऱ्याच्या मुलीला हे कुठून? हा हिशेब आणेवारीत बसत नाही, पण गावात राहिलेल्याला तो सांगावा लागत नाही.

आणखी एक शब्द त्या काळच्या कागदांत वारंवार भेटतो आणि तो वाचताना मन थबकते. तो शब्द म्हणजे गतकूळ. ज्या जमिनीचे कूळच गेले, ती गतकुळी जमीन. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी हा मुलूख तुडवला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावेच्या गावे ओस पडली. पाहणी करणाऱ्या साहेबांना जमिनीच्या यादीत ओळीने गतकूळ, गतकूळ असे दिसत गेले, ते उगीच नव्हे. इतिहासाच्या पुस्तकात लढायांची नावे असतात. त्या लढायांचा जमाखर्च अशा याद्यांत असतो.

गतकुळी जमीन मग कोणाची? पाटील आणि गाव मिळून ती एखाद्या उपऱ्याला मिराशीने देत, त्याच्याकडून रक्कम घेत आणि मिरासपत्र करून देत. त्या कागदावर नुसत्या पाटील-कुलकर्ण्यांची सही पुरत नसे. सगळे गाव साक्षीला बसे. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, महाराची विळा, अशी प्रत्येकाची खूण मोडी अक्षरांच्या खाली उमटे. लिहिता न येणाऱ्यांच्या या सह्या आहेत. वाद पडला की गोत जमे, कागद वाचला जाई, आणि त्या खुणांचे वारस शपथेवर साक्ष देत. उपऱ्याचा मिरासदार होण्याचा हा दरवाजा होता. अरुंद, पण होता.

इथे मी थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण जुन्या गावगाड्याचे नुसते गोडवे गाणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. ज्याने मिरासपत्रावर विळ्याची खूण केली, त्याला स्वतःला अशी मिरास क्वचितच मिळे. महारांना वतनाची जमीन होती, तिला हाडकी-हाडोळा म्हणत. तिच्या बदल्यात वेसकरकी, सरकारी टपाल, गावची शिव राखणे, जनावर ओढणे, अशी रात्रंदिवसाची चाकरी. शिवेचा तंटा लागला तर महाराची साक्ष मोठी मानली जाई आणि पाणवठ्यावर मात्र त्याला जागा नसे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, मांग यांचे बलुते खळ्यावर ठरलेले, पण तेही पीक आले तर. गाव सगळ्यांना बांधून होता हे खरे. काहींना आधाराच्या दोरीने, काहींना दाव्याने.

१८१८ साली पेशवाई गेली. पुढच्या वर्षी, २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना राज्य मिळाले आणि त्याची उत्तरेची सीमा ठरली नीरा. म्हणजे ओढ्यासारखी उन्हाळ्यात आटणारी ही नदी एकाएकी दोन राज्यांमधली हद्द झाली. पलीकडे पुरंदरच्या अंगाला कंपनी सरकार, अलीकडे छत्रपती. सोयरीक मात्र दोन्ही तीरांवर. महाराजांच्या काळी कॅप्टन अॅडम्स यांनी साताऱ्याच्या जमिनी मोजल्या. पलीकडे पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या साहेबाने प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून सारा बसवण्याचा मोठा पांडित्याचा घाट घातला. तो १८३० च्या सुमारास अमलात आला आणि पार फसला. आकडे चुकीचे, हाताखालचे लोक लाचखाऊ, सारा भारी. लोक गावे सोडून निघाले. मग १८३५-३६ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली. शेताला सर्व्हे नंबर, जमिनीच्या मगदुराप्रमाणे आणेवारी, तीस वर्षांसाठी ठरलेला सारा. आपण आज जिला रयतवारी म्हणतो तिचा हा पाया.

१८३९ मध्ये प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले, १८४८ मध्ये त्यांचे बंधू आप्पासाहेब निपुत्रिक वारले आणि सातारा खालसा झाले. मग तीच मोजणी नीरा ओलांडून आपल्याकडे आली.

तिने केले काय? मिरासदार आणि उपरी हा भेदच पुसला. जो सारा भरील तो खातेदार. उपऱ्याच्या दृष्टीने हे भाग्यच म्हणायचे! पाटलाच्या मर्जीवर असलेला माणूस एका रात्रीत सरकारी पुस्तकात मालकाच्या ओळीत बसला. मिरासदाराला मात्र नवे काही मिळाले नाही. त्याची जमीन त्याच्याकडे राहिली, पण जमिनीबरोबरची पांढरी गेली. सारा आता थळाने भरायचा नाही, ज्याने त्याने भरायचा. भाऊबंदाची बाकी आपल्यावर येत नाही, हा सुटकेचा भाग. पण भाऊबंद बुडाला तर आपल्याला काय त्याचे, हेही त्याच्याच पोटात आले.

आणि जमीन सुटी झाली तशी ती सावकाराच्या कागदावर चढू लागली. पूर्वी सावकार होतेच, पण मिराशीचे शेत बाहेरच्याच्या घशात जायला गावाची आडकाठी होती आणि वसुलीला कोर्ट नव्हते. आता कोर्ट आले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. कुणब्याचे बरे व्हावे म्हणून केलेला हा कायदा सावकाराने उलटा वापरला. दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवायचे आणि नवा रोखा लिहून घ्यायचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने फेरमोजणी करून सारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. सप्टेंबरात आपल्याकडे कोकरूडला तसेच झाले. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की या दंग्यांत बहुधा माणसे मारली गेली नाहीत. लोकांनी शोधले ते रोखे आणि दस्त, आणि ते जाळले. ज्या कागदाने जमीन जाते तोच शत्रू, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कोर्टाने रोख्याच्या मुळापर्यंत जावे, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, खास गहाण नसलेली जमीन विकू नये, अशी त्याची कलमे. चार वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांच्या सहधर्मचारिणी सावित्रीबाई आपल्या नायगावच्याच, १८३१ चा त्यांचा जन्म. कुणब्याचे दुःख त्या घरात पुस्तकातून आलेले नव्हते.

आता जरा दूर जाऊ या, पार इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंडच्या बेटांवर. तुम्ही म्हणाल, हे कुठले मध्येच! पण पाहा. स्काय, ल्युइस अशी ती वाऱ्या-पावसाची, खडकाळ बेटे. तिथला लहान शेतकरी क्रॉफ्टर म्हणून ओळखला जातो, त्याच्या शेताचा तुकडा म्हणजे क्रॉफ्ट. जुन्या काळी तिथे जमिनीच्या पट्ट्या ठराविक वर्षांनी चिठ्ठ्या टाकून पुन्हा वाटत, चांगली जमीन एकाच्याच पदरी कायम पडू नये म्हणून. टोळीचा नायक हा सगळ्यांचा वडीलधारा. १७४६ साली कलोडनच्या लढाईत टोळ्यांचा मोड झाला आणि हळूहळू नायकाचा जमीनदार झाला. मेंढरांत पैसा आहे असे दिसताच त्याने आपल्याच माणसांना पिढीजात दऱ्यांतून हुसकून किनाऱ्यावर लहान लहान तुकड्यांवर आणून बसवले. तुकडे मुद्दामच अपुरे ठेवले, म्हणजे पोटासाठी समुद्रशेवाळ जाळून राख करण्याच्या त्याच्या धंद्यावर मजुरीला यावेच लागेल. वर भाडेपट्टा फक्त वर्षाचा. आपल्या उपऱ्यासारखाच म्हणा ना, फक्त इथे गावच्या गाव उपरी!

१८८२ साली स्काय बेटावर ब्रेज नावाच्या वस्तीतल्या लोकांनी चराऊ डोंगर परत मिळावा म्हणून भाडे अडवले. ग्लासगोहून पोलीस आले, त्यांना बायाबापड्यांनी धोंड्यांनी सामोरे जाऊन अडवले. सरकारने चौकशी नेमली आणि १८८६ साली क्रॉफ्टरांचा कायदा झाला. सुपे आणि ब्रेज यांच्यात सात वर्षांचे अंतर, राज्यही एकच. पण औषधे वेगळी दिली. आपल्या शेतकऱ्याला मालकी होती, म्हणून कर्जाच्या कागदावर लगाम घातला. क्रॉफ्टरला मालकी दिलीच नाही. त्याला दिले ते असे की भाडे भरतो आहेस तोवर तुला कोणी उठवणार नाही, तुझ्यामागे तुझा वारस कसेल, आणि भाडे किती ते आयोग ठरवील. श्रोते हो, हे वर्णन ओळखीचे वाटते ना? हीच तर मिरास! आपल्याकडे जी रिवाजाने होती आणि मोजणीने विरघळली, ती त्या बेटांवर कायद्याने उभी केली गेली. शिवाय चराऊ रान सामाईक राहिले. कोणत्या क्रॉफ्टमागे किती गाई, किती मेंढरे, हे वस्तीने ठरवायचे. पुढे १९७६ च्या कायद्याने क्रॉफ्ट विकत घ्यायची मुभा मिळाली, तरी पुष्कळांनी कूळ राहणेच पसंत केले. १९९७ मध्ये तर एग बेटाच्या रहिवाशांनी सार्वजनिक न्यास करून आपले बेटच जमीनदाराकडून विकत घेतले.

बेटांचाच विषय निघाला आहे तर गोव्याचे दिवाडी आणि चोडणही सांगायला हवे. मांडवीच्या पात्रातल्या या बेटांवर खाऱ्या पाण्याला बांध घालून खाजण शेती उभी राहिली. एकट्याच्याने बांध राखणे शक्य नाही, म्हणून जमीन गावकरीची, म्हणजे मूळ घराण्यांच्या मंडळाची. शेते लिलावाने कसायला द्यायची, उत्पन्नातून बांधबंदिस्ती आणि देवस्थानाचा खर्च, उरेल ते गावकऱ्यांना जोण म्हणून वाटायचे. पोर्तुगीजांनी १५२६ साली हे रिवाज लेखी नोंदवले. तिथेही मूळ घराण्याबाहेरचा माणूस बाहेरच.

आपल्याकडची कथा पुढे तुकड्यांची झाली. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा बारकाईने अभ्यास करून १९१७ साली पुस्तक लिहिले. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारण सुमारे ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१४-१५ मध्ये अवघी ७ एकर. त्या गावच्या शेतांत आज उंच इमारती आहेत, तेव्हा पुढचा आकडा विचारण्यात अर्थ नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ साली झाला, पण भाऊबंदकीपुढे कायद्याचे किती चालते हे मी तुम्हांला सांगायला नको.

हाडोळ्याची गाठ सुटायला त्याहून वेळ लागला. साताऱ्याच्या शाळेत बालपणीचे धडे गिरवलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनकायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. चाकरीच्या बदल्यातली ही जमीन म्हणजे गुलामीचा करार आहे, तो तोडा आणि जमीन रीतसर साऱ्यावर कसणाऱ्याला द्या, असे त्यांचे म्हणणे. ते तेव्हा तडीस गेले नाही. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गाव-वतने १९५८ च्या कायद्याने, पाटीलकी १९६२ च्या. कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. पुष्कळांना जमीन मिळाली. पुष्कळांना त्याआधीच ‘राजीखुशीने’ सोडायला लावले होते, हेही तितकेच खरे.

शिरवळ-खंडाळ्याच्या बाजूला आता कारखाने आले, महामार्ग रुंद झाला, जमिनीचे भाव चढले. सात-बाराचा उतारा काढायला जाल तेव्हा त्यावर भूधारणा पद्धती हा मथळा पाहा. भोगवटादार वर्ग १ असेल तर विक्रीला सहसा अडचण नाही. वर्ग २ असेल तर सरकारची परवानगी लागते, आणि अशा कित्येक जमिनींची मुळे वतनात किंवा कूळकायद्यात सापडतात. परवानगीवाचून केलेला व्यवहार पुढे अंगावर येतो. सहीच्या आधी हे वाचून घ्या.

त्याच उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असाही एक रकाना असतो. पुष्कळदा तो कोराच राहतो. गुरुजनांना विनंती अशी की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना शिवारात पाठवून म्हाताऱ्या माणसांकडून ही नावे लिहून आणायला सांगावीत. कोणत्या टापूला कोणाचे थळ म्हणत, हाडोळा कुठे होता, गायरानाची मूळ हद्द कोणती, कोणत्या बांधाला कोणाचे नाव आहे आणि त्या नावाचे घर गावात आज आहे की नाही. घरात मोडी कागद असतील तर ते रद्दीत देऊ नका. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत आणि मोडी वाचणारे जाणकारही पुण्यात भेटतात. आपल्या कागदाच्या तळाशी नांगर किंवा विळा काढलेला दिसला, तर तो कोणत्या घराचा, ते गावातच विचारून घ्यावे लागेल.